फॉरवर्ड करणं म्हणजे लिहिणं नव्हे!

‘मोबाईलनं मराठीची वाट लावली’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते आपोआप खरं वाटायला लागलंय. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, व्यासपीठावरचे पाहुणे हेच सांगतात. खाली बसलेले आपण मान डोलावतो आणि तेच वाक्य ग्रुपवर टाकून चार अंगठे मिळवतो. मला मात्र हे वाक्य पटत नाही. ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वतःच्या हातानं पोस्टकार्ड लिहिलं नाही, तोसुद्धा आज रोज मराठीत काही ना काही लिहितोय. घरोघरी हे दिसतं. मग भाषा बुडाली कुठं?

दुखणं आहे, पण ते दुसऱ्याच ठिकाणी आहे. आपण दिवसभर शब्दांत लोळतो, पण स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या, एकापुढं एक जोडलेल्या दहा ओळी कधी लिहित नाही. आलेलं पुढं ढकलतो. वाचलं, हसलो, फॉरवर्ड केलं, झोपलो! आणि ही सवय सगळ्यात जास्त भोवणार आहे ती आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना. कसं, ते सांगतो. थोडं मागं जाऊन सुरुवात करूया.

आपली मोठी भावंडं शाळा-कॉलेजात होती तेव्हा एस.एम.एस.चा जमाना होता. त्यांनी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली, ती काय मराठीची लाज वाटत होती म्हणून? एक कारण अगदी साधं, गणिताचं होतं. एका एस.एम.एस.मध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागं १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शिक्षण’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या हिशेबी त्यात श, वेलांटी, क, हलन्त, ष आणि ण अशी सहा चिन्हं आहेत. म्हणजे ९६ बिट! तोच शब्द रोमन आठ अक्षरांत लिहिला तर ५६ बिटांत काम भागतं. वर कित्येक हँडसेटवर देवनागरी दिसायचीच नाही, नुसते चौकोन उमटायचे. खिशात दहा रुपयांचा रिचार्ज असलेल्या पोरानं मग काय करायचं? तंत्रज्ञानानं लिपीला महाग केलं आणि माणसांनी स्वस्तातली वाट धरली.

पण आता ते कारण उरलं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये मराठी कीबोर्ड आहे, नुसतं बोललं तरी अक्षरं उमटतात, आणि मेसेजच्या लांबीचे पैसेही पडत नाहीत. अडचण गेली, सवय मात्र राहिली. आपल्या वसतिगृहाच्या ग्रुपवर आजही निम्मी मराठी रोमनमध्ये वाहते.

‘त्यानं काय बिघडतं?’ असं कोणी विचारेल. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हे लॉसी कॉम्प्रेशन आहे. ‘एम-ए-एल-ए’ ही चार अक्षरं मला, माला, माळा आणि मळा या चारही शब्दांना चालतात. ‘के-ए-एल’ म्हणजे काल, काळ, कल की कळ? मागचंपुढचं वाक्य बघून आपण ओळखतो खरं, पण ळ आणि ल, ण आणि न यांतला फरक लिहिताना हाताला करावाच लागत नाही. मग सबमिशनच्या वेळी तो हात अडतो. दऱ्या आणि दर्या यांचंच बघा. आपल्या भुदरगडात दऱ्या आहेत. दर्या म्हणजे समुद्र. तो बघायला घाट उतरून कोकणात जावं लागतं. एका ‘ऱ’चा फरक! आणि वसतिगृहातला फरक तर त्याहून महागाचा. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर मेसमधला स्वयंपाकी येईल. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील. भूक लागलेल्या पोरांनी तरी हा फरक विसरू नये!

चेष्टा सोडा. शुद्धलेखन हा या सगळ्यातला लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो सलग वाचण्याचा आणि सलग सांगण्याचा. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकला असेल. त्यांची २०२३ ची पाहणी आपल्या धाकट्या भावंडांच्या वयाची, १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची होती. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि जवळजवळ तितक्यांनाच तो वापरता येत होता. पण त्याच मुलांपैकी सुमारे २५ टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या प्रादेशिक भाषेत नीट सलग वाचता येत नव्हता. म्हणजे फोन हातात आला, पण वाचन त्याच्याबरोबर आपोआप आलं नाही. मोबाईलनं वाचन घालवलं असं हा आकडा सांगत नाही, तसा अर्थ काढणं चूक होईल. पण ‘फोन दिला की शिक्षण झालं’ असं समजणाऱ्यांनी तो जरूर बघावा.

आता आपल्या घराकडं वळू. मी सिव्हिलचा. माझ्या एका रूममेटचे वडील गवंडी आहेत. सुट्टीत तो घरी गेला तेव्हा शेजारच्या गावात कुणाच्या तरी घराचा छज्जा सेंट्रिंग काढताच खाली आला होता. नशिबानं कोणाला लागलं नाही. रात्री जेवताना वडील म्हणाले, “आरं, तू इंजिनेर व्हायला लागलायस न्हवं? मग सांग की, स्लॅबला सळई खाली टाकतोय, आन् छज्ज्याला वर का टाकायची?” हा म्हणाला, “आबा, छज्ज्याला टेन्शन वरच्या बाजूला येतं.” आबा घास हातात धरून बघतच राहिले. “सळईला कसलं टेन्शन आलंय रं?”

रूमवर हा किस्सा सांगितला तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग मी विचारलं, “बरं, तू पुढं काय सांगितलंस?” तो गप्प झाला. परीक्षेत ह्याच प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. कँटिलिव्हर, हॉगिंग मोमेंट, टेन्शन झोन... सगळं पाठ! पण हे सगळं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या बापाला सांगायची वेळ आली आणि गाडी अडली.

खरं तर सांगायला काय अवघड आहे? दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब वजनानं मधे खाली वाकतो. वाकताना त्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताण मात्र त्याला सोसत नाही, ते लगेच तडकतं. म्हणून ताण येतो तिथं सळई घालायची, म्हणजे खाली. छज्जा एकाच बाजूला धरलेला असतो. त्याचं मोकळं टोक खाली झुकतं, त्यामुळं ताण वरच्या बाजूला येतो. म्हणून छज्ज्याची सळई वर. आणि काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली ती दबून खाली गेली, तर सळई असूनही नसल्यासारखीच!

एवढंच. पण हे एवढं सांगता आलं नाही तर साइटवर काय होईल? डिझाईन इंग्रजीत बरोबर असेल, ड्रॉइंग बरोबर असेल, आणि सळई बांधणाऱ्या माणसाला ‘का’ कळलेलं नसेल. तो नुसतं सांगितलं म्हणून करेल, आणि सांगणारा बाजूला गेला की पूर्वीसारखं करेल. छज्जा पडतो तो अशा वेळी. म्हणून मी म्हणतो, इंजिनिअरची भाषा हा साहित्य संमेलनाचा विषय नाही. तो लोकांच्या डोक्यावरच्या छताचा विषय आहे!

आणि नेमक्या याच वेळी आपल्यापुढं एक संधी आली आहे. २०२१ साली ए.आय.सी.टी.ई.नं इंजिनिअरिंगची पदवी प्रादेशिक भाषांत शिकवायला परवानगी दिली. पुण्याजवळच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरची पदवी मराठीतून सुरू करायची मान्यता मिळाली. डिप्लोमाला आपल्या तंत्रशिक्षण मंडळानं २०२१-२२ पासून मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय आणला. आमच्या आधीच्या पोरांनी बारावीपर्यंत मराठीत शिकून पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीपायी के.टी. खाल्ल्या, त्यांना हे स्वप्नात दिसलं नसतं. दार उघडलं. पण दारातून आत जायला मराठीत पानभर उत्तर लिहिता यायला पाहिजे ना? शब्द अर्धे रोमनमध्ये, वाक्य तीन शब्दांचं आणि शेवटी एक इमोजी, अशा हातानं सहा मार्कांचं उत्तर कसं लिहिणार? इंग्रजी पक्की झाली नाही आणि मराठी हातची सुटली, म्हणजे धड ना घर का, धड ना घाट का!

लगेच एक आक्षेप येईल, “मराठीत लिहून नोकरी लागणार आहे काय?” प्रश्न बरोबर आहे. इंग्रजी आलीच पाहिजे. मुलाखत इंग्रजीत, मॅन्युअल इंग्रजीत, कोड इंग्रजीत. मराठीच्या नावाखाली इंग्रजी टाळायचा सल्ला देणारा माणूस आपलं नुकसानच करतो. पण माझा अनुभव असा आहे की जी गोष्ट मला मराठीत सांगता येत नाही, ती मला इंग्रजीत कळलेली नसते, फक्त पाठ असते. व्हायव्हाला सरांनी एक उलटा प्रश्न टाकला की हे लगेच उघडं पडतं. समजल्याची खूण म्हणजे आपल्या भाषेत सांगता येणं. इंग्रजी त्यावर चढवायची. ती उघड्या अंगावर घालून चालत नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे. “आता काय, ए.आय. आहे! विचारलं की मराठीत उत्तर देतो.” देतो की. कधी चांगलं देतो, कधी असं देतो की वाचून हसावं का रडावं कळत नाही. पण तो मराठी शिकला कुठून? आपणच लिहून ठेवलेल्या मराठीतून. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, देशात तिसरा क्रमांक. आणि २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेख आहेत लाखाच्या आसपास. इंग्रजीवर ७० लाखांच्या घरात! त्या लाखातही तंत्रविषयाचे नीट लेख शोधावे लागतात. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आपण लिहिलं नाही तर यंत्र आपल्याला दुसऱ्याच्या इंग्रजीचं कच्चं भाषांतर वाढणार, आणि आपण तेच जर्नलमध्ये उतरवणार.

सवय सुटली की लिपीचं काय होतं, ह्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. कित्येक शतकं मराठीतला रोजचा कारभार मोडी लिपीत चालला. कोल्हापूरच्या दरबाराची दप्तरंही मोडीतलीच. मग छापखाना आला. जोडून, झरझर लिहायच्या मोडीपेक्षा सुटी-सुटी बाळबोध अक्षरं खिळ्यांना सोयीची पडली. पुस्तकं बाळबोधीत छापली गेली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. कोणी बंदी घालून मारली नाही, हात थांबले आणि ती गेली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं तेव्हा काय झालं आठवा. आपल्याच पणजोबांची नावं असलेले कागद वाचायला मोडीचे जाणकार शोधत फिरावं लागलं! युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली, पण संकेतांक मिळाला म्हणून वाचणारा मिळत नाही. देवनागरी इतक्यात जाणार नाही, ती हिंदीची आणि नेपाळीचीही लिपी आहे. पण पानभर विचार मांडणारी मराठी मात्र मोडीसारखीच, आवाज न करता, जाऊ शकते.

तंत्रज्ञान वाईट असं मी कुठंच म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पुस्तकांतल्या क्यू.आर. कोडमुळं. सगळ्यांना तो चौकोनी कोड लक्षात राहिला. त्याच्या आधीची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. शाळेतल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेत. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, आणि मग त्यांना कोड जोडले. स्कॅन केल्यावर उघडायला काहीतरी लिहिलेलं, बोललेलं असावं लागतं. ते माणसानंच करायचं असतं.

आपल्या जिल्ह्यानं हा धडा त्याआधीच घेतलाय. १९९८ साली वारणा परिसरातली सुमारे ७० गावं संगणकानं जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावच्या केंद्रातून शेतकऱ्यांना शेती, शिक्षण, सरकारी कामं, सगळ्याची माहिती मिळेल अशी कल्पना. काही वर्षांनी अभ्यास झाला तेव्हा दिसलं की केंद्रांचा वापर मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच उरलाय, आणि तेवढं काम तर साध्या मोबाईलच्या एस.एम.एस.वरही होतं. मला यात एक गोष्ट दिसते. तार ओढणं सोपं असतं. लोकांना उपयोगी पडेल असा मजकूर त्यांच्या भाषेत वर्षानुवर्षं लिहित राहणं हे खरं काम, आणि त्याला कुठलं यंत्र पुरत नाही.

“पण मराठीत शब्द कुठं आहेत?” असंही विचारलं जातं. भाषा संचालनालयानं स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा शाखांचे परिभाषा कोश केव्हाच केलेत. त्यातले काही शब्द जड आहेत, हे मान्य. पण सगळे शब्द कोशातूनच घ्यावेत असं कुठं आहे? गवंड्याला विचारा. ओळंबा, गुण्या, जोतं, तुळई, गिलावा, थापी हे शब्द रोज साइटवर राबतात. आणि बेअरिंग, पंप, स्लॅब हे तर केव्हाच मराठी झालेत, त्यांना हाकलायची काही गरज नाही. ‘स्लॅबची खालची बाजू ताणली जाते’ हे चोख मराठी वाक्य आहे. वाक्य आपलं असलं की झालं!

गारगोटीत राहून हे सांगावं लागावं, हेच जरा नवल आहे. शेजारच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक पुढं १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. ज्या आयोगानं उच्च शिक्षणही प्रादेशिक भाषांतून द्यावं अशी शिफारस केली, तोच हा आयोग. त्याआधी त्यांनी ग्रामीण मुलांसाठी मौनी विद्यापीठ उभं केलं ते इथं, आपल्या गारगोटीत. त्याच्याही आधी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं काढली. खेड्यातलं पोर शिकावं आणि शिकलेलं परत गावाला उपयोगी पडावं, हा त्यामागचा हेतू. आपण ज्या कॉटवर पडून रील्स बघतो, तिच्यामागं एवढा इतिहास आहे. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव या परिसरात मोठं आहे. संतांना मौन शोभतं. इंजिनिअरला आपल्या माणसांसमोर मौन धरून चालणार नाही!

मग करायचं काय? मोबाईल फेकायचा नाही, शपथा घ्यायच्या नाहीत. मी चार साध्या गोष्टी सुचवतो.

एक. ग्रुपवर मराठी लिहायची तर देवनागरीत लिहूया. पहिला आठवडा बोटं अडखळतील, नंतर लक्षातही येणार नाही. दोन. फॉरवर्ड टाकायचाच असेल तर त्याखाली स्वतःच्या पाच ओळी लिहायच्या, पटलं की नाही आणि का. पाच ओळी सुचत नसतील तर तो मेसेज पुढं ढकलायच्या लायकीचा नाही असं समजा. तीन. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी, जर्नल इंग्रजीत असलं तरी, वहीच्या मागच्या पानावर तो प्रयोग घरच्यांना समजेल असा दहा ओळींत मराठीत लिहून बघा. सुट्टीत घरी गेलात की वाचून दाखवा. घरच्यांना कळलं, तर विषय तुम्हाला कळला. चार. दर सेमिस्टरला आपल्या वसतिगृहातून मराठी विकिपीडियावर तंत्रविषयाचे पाच लेख. एका लेखाला चार जण बसले तर दोन रविवार पुरतात. पाच लेखांनी जग बदलणार नाही, पण पुढच्या बॅचच्या एखाद्या पोराला ‘हॉगिंग मोमेंट’ शोधल्यावर निदान एक धड परिच्छेद सापडेल.

आणि सर-मॅडमना एक विनंती. वर्गात कोणी मराठीत शंका विचारली तर ‘आधी इंग्लिशमध्ये विचार’ असं म्हणू नका. शंका मराठीत ऐका, उत्तर दोन्ही भाषांत द्या. द्विभाषिक पर्यायात मराठीत लिहिलेल्या उत्तराला कच्च्या मुलाचं उत्तर समजू नका. व्हायव्हात एक प्रश्न असाही असू द्या, ‘हे एखाद्या गवंड्याला कसं समजावशील?’ मला वाटतं, त्या एका प्रश्नात आमची खरी परीक्षा होईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे, त्या दिवशी आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे मेसेज फॉरवर्ड केले. पण अभिजात म्हणजे मागच्यांनी लिहून ठेवलेलं. पुढच्यांसाठी लिहायचं काम शिल्लक आहे, आणि त्यातला सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटरचा वाटा कवी-लेखक उचलणार नाहीत. तो आपल्यालाच उचलावा लागेल. हा लेख आवडला तर फॉरवर्ड करू नका. न पटलं ते पुढच्या अंकासाठी पानभर लिहून द्या, मराठीत!